मनोहरभाऊंची जीभ

देवाला दाखवायच्या आधी नैवेद्य स्वतः चाखणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सेलूचे मनोहरभाऊ. सकाळी भट्टी पेटली, पहिला घाणा वर आला, की झाऱ्यावरचा सगळ्यात फुगलेला आलूबोंडा ते उचलायचे, या हातातून त्या हातात नाचवायचे, फुंकर घालायचे आणि अर्धा तोंडात टाकायचे. मग जरा वेळ सगळं स्तब्ध. भट्टीवरचा कारागीर झारा धरून त्यांच्या तोंडाकडे बघत उभा. मनोहरभाऊंची मान हलली, की मगच दुसरा बोंडा गणपतीच्या तसबिरीपुढे जायचा.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, आधी देवाला द्यावं ना."

"देवाले देऊन काय फायदा, म्याडम? मीठ कमी झालं त देव सांगते काय? गपचिप खाऊन घेते. गिऱ्हाईक तसं नाई. ते बोंबलते."

नव्वद सालानंतरची पहिली काही वर्षं असतील. मला सेलूच्या शाळेत नोकरी लागली होती, आणि माझे यजमान रोज एसटीनं वर्ध्याला जाऊन-येऊन करायचे. आम्ही मनोहरभाऊंच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. समोर रस्त्यावर त्यांचं हॉटेल, मागे घर, मध्ये एक अंगण. हॉटेल म्हणजे चार बाकं, एक भट्टी, काचेचं कपाट आणि भिंतीवर तेलाच्या धुरानं तांबूस झालेली तसबीर. पण बाजाराच्या दिवशी त्या चार बाकांवर जागा मिळवायची तर ओळख लागायची.

मनोहरभाऊ उंच, भरदार, भट्टीच्या झळीनं कायम लाल. खांद्यावर दुपट्टा आणि तोंडात काहीतरी. ते तोंड कधी रिकामं नसायचं. कचोरीचा तुकडा, चिवड्यातला तळलेला फल्लीदाणा, भज्यांचा कुरकुरीत चुरा. त्यांच्या जिभेचा तालुक्यात दबदबा होता. एकदा कुणी पाहुण्यानं नागपूरहून कचोऱ्या आणल्या. भाऊंनी एक घास घेतला आणि विचारलं, "याचा कारागीर पळाला काय?" पाहुणा हसला. पुढच्या खेपेला तोच पाहुणा चौकशी करून आला आणि म्हणाला, "खरंच पळाला हो!" त्या दिवसापासून मनोहरभाऊंनी ही गोष्ट एवढ्या लोकांना सांगितली, की अखेरीस त्यांच्या सांगण्यात त्या कारागिराचं गाव, निघून जातानाचं भांडण, सगळं एका घासात कळलेलं असायचं.

घरच्या जेवणाचं मात्र त्यांना वावडं होतं. "घरचं जेवन म्हनजे दवाखान्याचं जेवन," असं ते बायकोसमोर म्हणायचे. ताटावर बसताना शेवेचा डबा उजव्या हाताशी हवा. वरणभातावर शेव, वांग्याच्या भाजीवर शेव, कढीवर शेव. एका उन्हाळ्यात मी त्यांना आमरसावर शेव घालताना पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

शांतावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कमी बोलणाऱ्या. तांदूळ निवडता निवडता एकदा मला म्हणाल्या, "माह्या हातच्या वरनाची चव या मानसाले माहीतच नाई, म्याडम. शेवेची माहीत हाय." त्यात तक्रार नव्हती. एवढं बोलून त्यांनी सुपातला खडा उचलून अंगणात फेकला.

मग दिवाळीच्या तोंडावर ते झालं. हॉटेलात चिवड्या-शेवेच्या ऑर्डरींचा ढीग, भट्टी दिवसभर धगधगती. भर दुपारी मनोहरभाऊ चिवड्याची मूठ तोंडात टाकून म्हणाले, "हळद जास्त झाली," आणि बेसनाच्या पोत्यावर बसले. बसले ते उठेचनात. अंगाला दरदरून घाम. कुणीतरी जीप आणली आणि त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं.

त्यांना घरी आणायच्या दिवशी वहिनींबरोबर मीही गेले होते. डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहूनही लहान, चणीनं बारीक. कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या, "तळलेलं बंद. फरसाण बंद. मीठ अगदी कमी. साखरेचा चहा बंद."

"म्याडम, माहं हॉटेल हाय," मनोहरभाऊ म्हणाले. "चाखा त लागनच."

"चाखा आणि थुंकून टाका."

मनोहरभाऊ पलंगावर ताठ झाले. "अन्न थुंकू? त्यापेक्षा मले मराचं औषध लिहून द्या."

"ते तुम्ही स्वतःच बनवता," बाई मान वर न करता म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मनोहरभाऊ, सेलूच्या मोडावर जीप वळली तेव्हा म्हणाले, "बाई लहानशी हाय, पन तिखट हाय." त्यांच्या तोंडून माणसाला मिळणारी ती सगळ्यात मोठी पावती होती.

पण पावती देणं वेगळं आणि पाळणं वेगळं. खाटेवर पडलेल्या माणसाच्या नाकाशी सकाळपासून भट्टीचा वास. ते पडल्या पडल्या ओरडायचे, "अरे, कांदा करपला! तेल बदल, तेल!" वहिनींनी पुढ्यात बिनमिठाची मुगाची खिचडी ठेवली, की नको तो पाहुणा दारात यावा, तसं तिच्याकडे बघायचे. चिडचिड वाढली. डोकं दुखायचं. एकदा पहाटे मला जिन्यात भेटले आणि गंभीरपणे म्हणाले, "म्याडम, सपनात कचोरी आलती. बोलली नाई. नुसती पाहून राह्यली."

वासापासून सुटका म्हणून ते बसस्टँडवर जाऊन बसू लागले. पण बसस्टँडला काय कमी वास असतात? एका दुपारी शाळा सुटली तर फाटकाशी मनोहरभाऊ उभे. त्यांच्यासमोर पाचवीतली एक मुलगी चिप्सचं पाकीट पाठीमागे लपवून, डोळे वटारून उभी. मी विचारलं, काय झालं. मुलगी म्हणाली, "म्याडम, हे काका स्टँडपासून माह्या मांगं येऊन राह्यले."

"पोरीच्या मांगं नाई, म्याडम," मनोहरभाऊ कळवळून म्हणाले, "वासाच्या मांगं आलतो."

त्या संध्याकाळी मी वहिनींना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाऊंचे कपडे आणि औषधं पिशवीत भरली आणि त्या त्यांना हिंगणीला, भाऊंच्या मोठ्या बहिणीकडे, यमुनाबाईंकडे पोहोचवून आल्या. यमुनाबाईंचं घर शेतात. जवळपास भट्टी नाही, कढई नाही. हॉटेल वहिनी आणि कारागीर मिळून बघू लागले.

हिंगणीत काय घडलं ते मनोहरभाऊंनी नंतर मला इतक्या वेळा सांगितलं, की मी तिथे असल्यासारखंच वाटतं. पहिले दिवस वाईट गेले. भाकर, वांग्याची भाजी, ताक. सगळं अळणी. "तोंडात माती घेतल्यासारखं," ते म्हणायचे. एक दिवस ते कुणाला न सांगता तडक गावातल्या भज्यांच्या टपरीवर गेले. टपरीवाला ओळखीचा. मनोहरभाऊंना बघून तो आधी हरखला आणि लगेच त्यानं भज्यांची परात फडक्यानं झाकली.

"काऊन झाकली बे?"

"यमुनाबाईनं सांगून ठेवलं हाय, भाऊ. तुमाले भजं देलं त उद्यापासून तिच्या घरून मले चहाले दूध येनार नाई."

साऱ्या तालुक्यात ज्यांच्यासाठी लोक परात पुढे करत, ते मनोहरभाऊ उपाशी परत फिरले. रस्त्यानं बहिणीला शिव्या घालत आले, म्हणे. बहीण धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तुरीच्या शेंगा उकडत बसली होती. तिनं मूठभर शेंगा पुढे केल्या. मीठ नाही, काही नाही. भुकेपोटी त्यांनी एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि चावता चावता थांबले.

"अक्का, यात साखर टाकली काय?"

यमुनाबाईंना वाटलं, भावाच्या डोक्यावर परिणाम झाला. तुरीच्या शेंगांत कुणी साखर घालतं का? पण भाऊंना ती गोडी खरोखरच लागली होती. त्या दिवसापासून एकेक उलगडत गेलं. दूध गोड निघालं. ज्वारीची भाकर चावत राहिली तर गोड होते, हे कळलं. ताकाचा आंबटपणा सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा असतो, हे कळलं. वांग्याबद्दल तर ते हात वर करूनच सांगायचे, "वांग्याले सोताची चव असते, म्याडम! मले वाटे, ते मसाला ठेवाचं भांडं हाय."

थंडी सरता सरता ते सेलूला परतले. अंगावरचं भरदारपण उतरलं होतं, पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळलेली. त्या दिवशी वहिनींनी आम्हा दोघांनाही जेवायला बोलावलं. साधंच जेवण. तुरीचं वरण, भात, अंबाडीची भाजी, भाकर. वरणात मीठ बेतानंच. शेवेचा डबा कुठे दिसत नव्हता. मनोहरभाऊंनी वरणभाताचा घास घेतला. चावला. दुसरा घेतला. मग नुसतंच वरण बोटानं चाटलं आणि हात ताटात तसाच ठेवून बायकोकडे बघत राहिले.

"हे वरन तू कधीपासून असं करून राह्यली?"

"लगन झाल्यापासून," वहिनी म्हणाल्या.

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी चाखलं असतं, त सांगा लागलं नसतं."

माझ्या यजमानांनी एकदम पाण्याचा पेला उचलला आणि मी भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत बसले. वहिनी भात आणायला म्हणून आत गेल्या. भाताचं पातेलं खरं तर बाहेरच होतं. आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मनोहरभाऊ त्या दिवशी वरण मागून मागून जेवले, आणि भातही न घेता शेवटी त्यांनी वाटीच तोंडाला लावली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण दुसऱ्या दिवशी ते हॉटेलात गेले.

बोंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा त्यांनी जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "किती मीठ! आन तेल पाहा, जिभेले लेप बसला." त्यांनी मीठ कमी करायला लावलं. मिरची कमी. मसाला अर्ध्यावर. बोंडा मूळ आलूच्या चवीचा झाला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. पदार्थ सुधारतोय, अशी त्यांची खात्री होती. अगदी आनंदानं करत होते ते सगळं.

समोरचे भगवान टेलर, ज्यांचा दिवस त्या बोंड्याशिवाय सुरू होत नसे, त्यांनी पहिला घास घेतला आणि बोंडा उलटसुलट करून बघितला. "भाऊ," ते म्हणाले, "बोंड्याची तब्येत बरी नाई काय?"

बाक हसलं. मनोहरभाऊही हसले. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत परातीत बोंड्यांचा ढीग तसाच. लोक स्टँडजवळच्या नव्या हॉटेलात गर्दी करत होते. त्याच्या पुढच्या बाजारी तेच. कारागीर म्हणाला, "भाऊ, मी दुसरीकडे पाहू काय?" तेव्हा मनोहरभाऊंचा चेहरा पहिल्यांदा उतरलेला मी पाहिला.

ते विचार करत दोन दिवस अंगणात येरझाऱ्या घालत होते. मग भगवान टेलरांना त्यांनी नव्या हॉटेलातली कचोरी आणायला सांगितली. मला आणि वहिनींना हाक मारली. "साक्षी राहा," म्हणाले. "पाह्यतो, दोष कोनाचा हाय. बोंड्याचा का माहा."

कचोरी समोर आली. गरम, खुसखुशीत. मनोहरभाऊंनी ती नाकाशी नेली आणि त्यांचे डोळे मिटले. वास घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघून मला वाटलं, संपलं, आता हे पुन्हा पहिल्यावर जाणार. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात टाकला. चावू लागले. चावता चावता कपाळावर आठी आली. बालपणीचा जिवलग दोस्त भेटावा आणि त्याच्याशी काय बोलावं ते सुचू नये, तसा काहीसा तो चेहरा. त्यांनी तो घास कसाबसा गिळला, पाणी प्यायलं, परत पाणी प्यायलं.

"नुसतं मीठ," ते म्हणाले. "आन तेल. यातली ते मजा कुठं गेली?"

भगवान टेलरांनी उरलेली कचोरी खाऊन पाहिली. "मजा हाय की, भाऊ. लय हाय."

मनोहरभाऊ खाली बसले. म्हणाले, "मले वाटे, मी सोडलं तिले. तिनंच मले सोडून देलं, म्याडम."

आम्ही हसलो नाही. ज्या जिभेवर या माणसानं घर बांधलं, हॉटेल चालवलं, गावात मान मिळवला, ती जीभच राहिली नव्हती. तिच्या जागी दुसरी आली होती. चांगली होती, पण धंद्याच्या कामाची नव्हती.

सकाळी उठून त्यांनी जाहीर केलं, की हॉटेल बंद. "जे माह्यानं खाववत नाई, ते लोकाले काऊन देऊ? मी वरन-भाकर इकतो."

तेव्हा शांतावहिनी बोलल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. "बाजाराले येते तो मानूस घरून भाकर बांधून आनते. त्याले तुमची भाकर कायले पायजे? त्याले बोंडा पायजे. आठ दिवसातून एक खाते, नातीसाठी एक बांधून नेते. त्यानं त्याले काई होत नाई. तुमी त दर घाण्याले खात होते. त्याच्या खान्याचं पाप तुमाले काऊन लागते? आन चाखाचं माह्यावर सोडा."

"तुले जमन?"

"मी तुमच्या हाताचा बोंडा लगनापासून खाऊन राह्यली," वहिनी म्हणाल्या. "मी त त्याच्यावर शेव नाई टाकली कधी."

मनोहरभाऊंनी दुपट्टा खांद्यावरून काढला, झटकला आणि परत तिथेच टाकला.

त्या आठवड्यापासून भट्टीशेजारी वहिनी बसू लागल्या. चिमूटभर तोंडात टाकायच्या आणि एक शब्द बोलायच्या, "मीठ" किंवा "उतरव". कारागीर राहिला. भगवान टेलरांनी पहिल्याच सकाळी निकाल दिला, "बोंडा दवाखान्यातून घरी आला." बाकं पुन्हा भरली. मनोहरभाऊंनीही आपला हट्ट पुरता सोडला नाही. बाजाराच्या दिवशी एका कोपऱ्यात ते वरण, भाकर आणि भरीत ठेवायचे. गिऱ्हाईक म्हणाल तर भगवान टेलरांची दात नसलेली आई आणि खुद्द मनोहरभाऊ. "माल उरत नाई," असं ते अभिमानानं सांगायचे, आणि ते खरंच होतं, कारण उरलेलं तेच संपवायचे.

त्यांचा फावला वेळ आता बाजारात जाऊ लागला. गाजर उचलून चावून बघायचे, काकडीचं टोक मोडायचे, पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा फोडायचे. भाजीवाल्या बाया ते लांबून दिसले की टोपलीवर पदर पसरायच्या. गावात कुणाला साखर निघाली, कुणाला बीपी निघाला, की तो माणूस डॉक्टरांकडून थेट मनोहरभाऊंकडे यायचा. भाऊ त्याला बाकावर बसवून, खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "काई दिवस तोंडात माती वाटन. घाबराचं नाई. जीभ झोपली असते. इतके वर्ष तिच्यापाशी डफडं वाजवलं आपन, तिले हळू आवाज आयकू येत नाई. थांबा लागते."

मी एकदा त्यांना एकटं गाठून विचारलं, "भाऊ, खरं सांगा. आता कधीच मन होत नाही?"

त्यांनी आधी वहिनींकडे बघितलं. त्या लांब होत्या. "होते ना. जीभ इसरली, म्याडम. नाक नाई इसरलं. पहिला घाणा वर आला की नाकाले अजून वाटते, चाल, जाऊ. मंग मी नाकाले घेऊन बाजारात चक्कर मारतो."

पुढे माझी बदली आर्वीला झाली. सेलू सुटलं. दिवाळीला वहिनींचा चिवड्याचा डबा कुणाच्या तरी हाती यायचा, तोही काही वर्षांनी येईनासा झाला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दोन हजार सालाच्या बऱ्याच पुढे, एका हिवाळ्यात. नागपूरहून वर्ध्याला जाणारी एसटी सेलूच्या स्टँडवर थांबली. खिडकीतून बघते तर गर्दीत मनोहरभाऊ. केस पार पांढरे, अंग काटकुळं, काखेत ओल्या हरभऱ्याची जुडी. मी हाक मारली. त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि लगबगीनं खिडकीशी आले.

"म्याडम! उतरा ना, घरी चाला."

"गाडी सुटेल, भाऊ. वहिनी कशा आहेत?"

"मस्त. गल्ल्यावर बसते आता. मले आत येऊ देत नाई. म्हन्ते, तुमचं तोंड पाहून गिऱ्हाईक पळते." असं म्हणून त्यांनी जुडीतल्या चार काड्या खिडकीतून माझ्या हातात दिल्या. "खा. आताच उपटला हाय. घाटा फोडा आन तसाच खा."

मी एक घाटा फोडून दाणा तोंडात टाकला. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. "गोड आहे," मी म्हटलं. त्यांना एवढंच हवं होतं. लगेच ते मागच्या खिडकीकडे गेले. तिथला तरुण चिप्सचं पाकीट मांडीवर घेऊन बसला होता. हरभरा पुढे आलेला बघून त्यानं भाव विचारला.

"इकाचा नाई, बाबू. खा म्हटलं."

त्यानं संशयानं काडी घेतली. कंडक्टरनं घंटी मारली, बस हलली. तरुणानं एक दाणा सोलून तोंडात टाकला तेव्हा बस स्टँडच्या बाहेर वळत होती. मी मागे वळून बघितलं. एका हातानं पायजमा धरून आणि दुसऱ्या हातातली जुडी हलवत मनोहरभाऊ त्या खिडकीबरोबर धावत होते. त्या अनोळखी पोराचा चेहरा दिसावा म्हणून मान वाकडी करत, धुळीत, हसत हसत ओरडत होते,

"काय लागलं? सांग ना बे! काय लागलं?"